मनोविकार वॉर्डात दाखल होताना: काय न्यायचं, काय विचारायचं, आत काय घडतं

"यांना ॲडमिट करावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. किती दिवस ठेवणार? बांधून ठेवतात का? शॉक देतात का? आणि सगळ्यांत शेवटी, आवाज खाली आणून, नातेवाइकांना काय सांगायचं? मी मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. हे प्रश्न विचारताना माणसं किती घाबरलेली असतात ते मी रोज बघते. ही भीती बरीचशी माहिती नसण्यातून येते, आणि ती माहिती द्यायला ओपीडीच्या गर्दीत कुणाकडे वेळ नसतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. घरच्यांसाठी लिहिते आहे, तसंच ज्याला स्वतःला दाखल व्हायचंय त्याच्यासाठीही.

दाखल व्हायची वेळ कधी येते

मानसिक आजाराच्या बहुतेक पेशंटना दाखल व्हावं लागत नाही. गोळ्या, समुपदेशन, महिन्याची फेरी यावर काम चालतं. दाखल करायचा विषय निघतो तो जिवाला धोका असला की. आत्महत्येचा प्रयत्न झाला आहे किंवा तसं बोलणं सुरू आहे, चार-पाच रात्री झोप नाही आणि अंगात नुसता जोर संचारला आहे, जेवण-पाणी-बोलणं बंद पडलं आहे, कानात आवाज येतात आणि ते सांगतील तसं माणूस वागतो आहे, अशा वेळी घरी सांभाळणं सुरक्षित राहत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाई अचानक गोंधळली, भलतंसलतं बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर "बाळंतवात असेल" म्हणून घरी थांबू नका. ती इमर्जन्सी आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याची दारू सोडवायची तर आधी डॉक्टरांना विचारा. गरज वाटली तर ते दाखल करून घेतात.

कुणी विष किंवा जास्त गोळ्या घेतल्या असतील तर मनोविकारतज्ज्ञ शोधत बसू नका. १०८ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याचं कॅज्युअल्टी गाठा. पोलीस केस होईल म्हणून घरचे उशीर करतात, आणि त्या तासाभरात माणूस हातचा जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. दवाखान्यात एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होईल, पोलीस जबाब घेतील, पण त्याची भीती बाळगून थांबू नका.

कुठे जायचं

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याचं तर १९०१पासूनचं. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. याखेरीज केईएम, सायन, जेजे, ससून अशा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत मनोविकार वॉर्ड असतात, आणि खाजगी नर्सिंग होम आहेतच.

या जागांमध्ये एक फरक आधीच कळायला हवा. जनरल हॉस्पिटलच्या मनोविकार वॉर्डात सहसा घरचं एक माणूस चोवीस तास सोबत लागतं. ते नसेल तर दाखल करून घ्यायला अडचण येते. मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात उलट असतं. नातेवाईक आत राहत नाहीत, ठरलेल्या वेळी भेटायला येतात. घरी सोबत राहायला कुणी आहे का, शरीराचाही काही आजार आहे का (असेल तर जनरल हॉस्पिटल बरं), आणि पेशंट पळून जाण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याचा धोका किती, यावर जागा ठरवा.

जागा खाजगी असो की सरकारी, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तिची नोंदणी असायला हवी. व्यसनमुक्ती केंद्रात माणसाला ठेवून उपचार करत असतील तर त्यालाही हे लागू आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. "आम्ही घरून गाडी पाठवून उचलून नेतो, तुम्ही सहा महिने भेटायला येऊ नका," असं जिथे सांगतात तिथे आपलं माणूस देऊ नका. उचलून नेणं आणि भेट बंद करणं हे दोन्ही कायद्यात बसत नाही.

घरातून निघण्याआधी

पेशंटला फसवून आणणं आमच्याकडे फार चालतं. "देवीला जाऊन येऊ", "माझं बीपी दाखवायचंय, चल सोबत." गाडी दवाखान्याच्या फाटकातून आत वळते आणि त्याला कळतं. त्यानंतर तो डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाही आणि घरच्यांवरही नाही. पुढची कित्येक वर्षं औषध घ्यायला नकार देण्याचं मूळ त्या एका प्रवासात असतं. खरं, थोडक्यात आणि त्याला जे त्रासदायक वाटतं तिथून सुरुवात करून सांगा: "दादा, तुला चार रात्री झोप नाही. मला तुझी काळजी वाटते. डॉक्टर म्हणाले, काही दिवस तिथे राहून झोप आणि औषध नीट करूया. मी सोबत आहे, आणि रोज येणार." त्याला शंका किंवा भास असतील तर ते खोटे आहेत हे पटवत बसू नका. वाद वाढतो, हाती काही लागत नाही. "मला ते आवाज येत नाहीत, पण तुला किती त्रास होतोय ते दिसतंय," एवढं बोललात तरी पुरे.

तो ऐकायच्या पलीकडे असेल आणि हिंसक होत असेल तर ११२ला फोन करून पोलिसांची मदत मागता येते. त्यांना आधीच सांगा की माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही. मानसिक आजारी माणूस पोलिसांच्या ताब्यात आला तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं.

आता बॅग. सुती साधे कपडे, इलॅस्टिकच्या पँट किंवा पायजमे (नाडीचे नकोत), सपाता, टॉवेल, टूथब्रश, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, बायकांसाठी पॅड. ओढणी, पट्टा, बुटाची लेस, रेझर, नेलकटर, काचेची बाटली, आरसा, काडेपेटी, लायटर, चार्जरची वायर हे घरीच ठेवा. आणलंत तरी गेटवर काढून घेतील. सोनं आणि रोकड मुळीच आणू नका.

मंगळसूत्राचा प्रश्न हमखास येतो. गळ्यातली कुठलीही पोत किंवा दोरी सुरक्षेसाठी काढायला सांगतात. वॉर्डातल्या मावशींनी घाईत ती काढून घेतली की बाईला वाटतं, काहीतरी अशुभ झालं, नवऱ्याचं बरंवाईट झालं. आधीच घाबरलेल्या मनाला तेवढं पुरतं. म्हणून सासू, बहीण किंवा नवऱ्याने ते स्वतः तिच्याशी बोलून काढून घ्यावं, तिच्यासमोर रुमालात बांधावं, घरी देवाजवळ ठेवतो म्हणून सांगावं. वॉर्डाच्या रजिस्टरला नोंद झाली का तेही बघावं.

कागदपत्रांत आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड, जुने केसपेपर आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी हवी. बीपी, साखर, थायरॉइडच्या गोळ्याही आणा, आणि वैदूची किंवा काढ्याची औषधं असतील तर तीही, न लपवता. सोबत एका कागदावर आजार कसा वाढत गेला ते लिहून आणा. तारखा आठवत नसतील तर सणवारांच्या खुणेने लिहा: "गणपतीनंतर झोप कमी झाली. दसऱ्याच्या सुमारास गोळ्या स्वतःहून बंद केल्या. दिवाळीत दुकानातून चाळीस हजारांची खरेदी केली, न झोपता. मागच्या मंगळवारी शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला." रात्रपाळीच्या डॉक्टरला असा अर्धा कागद तासभराच्या बोलण्याइतका उपयोगी पडतो. घरात कुणाला असा आजार होता का, कुणी आत्महत्या केली होती का, हेही लिहा. लग्न जुळवताना ते लपवलं असेल, पण इथे लपवलंत तर औषध चुकू शकतं.

कुठल्या कलमाखाली दाखल केलं, हे विचारा

हा भाग नीट वाचा. पुढच्या सगळ्या गोष्टी यावरून ठरतात.

२०१७चा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला. प्रौढ माणसाला दाखल करायचे त्यात मुख्य दोन मार्ग आहेत. पहिला, स्वतःच्या इच्छेने, कलम ८६. माणूस स्वतः विनंती करतो, स्वतः सही करतो, आणि त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. त्याने जायला मागितलं की सोडावं लागतं. धोका वाटला तर डॉक्टर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात, त्याहून जास्त नाही. जमेल तिथे हाच मार्ग धरावा असं मी प्रत्येकाला सांगते, कारण स्वतः सही करून आलेला माणूस उपचार आपले मानतो.

दुसरा मार्ग कलम ८९चा, आधार घेऊन दाखल होण्याचा. आजाराची तीव्रता मोठी आहे, नुकतंच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न झाला आहे, किंवा स्वतःची काळजी घेता येत नाही इतकी अवस्था आहे, आणि निर्णयाला मोठ्या आधाराची गरज आहे, अशा वेळी नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटला निर्णयात आधार देणाऱ्या व्यक्तीच्या; ती कोण ते खाली सांगते) अर्जावर दाखल करतात. दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. दर सात दिवसांनी माणसाची निर्णयक्षमता पुन्हा तपासायची असते. दाखल केल्याचं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवायला कायद्याने नेमलेल्या मंडळाला) सात दिवसांत कळवावं लागतं, स्त्री असेल तर तीन दिवसांत. ३० दिवसांनंतरही ठेवायचं तर कलम ९० लागतं. त्यात दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची मंजुरी हवी, आणि पहिली मुदत ९० दिवसांपर्यंतच.

"किती दिवस" याचं कायद्यातलं उत्तर हे. प्रत्यक्षात तीव्र अवस्था आटोक्यात आली की सोडतात, बरेचदा दोन-चार आठवड्यांत. "आयुष्यभर आत टाकलं" ही गोष्ट जुन्या काळातून लोकांच्या मनात राहिली आहे. घरच्यांना नको म्हणून कुणाला आत ठेवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असावा ते पेशंटने स्वतः ठरवायचं. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरे. नवराच असला पाहिजे, मोठा भाऊच असला पाहिजे असं काही नाही. बहीण, मैत्रीण, कुणीही प्रौढ चालतं. कुणाला नेमलंच नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती असा क्रम लागतो. बरं असतानाच हे लिहून ठेवा. मला कुठले उपचार हवेत आणि कुठले नकोत, याचं आगाऊ सूचनापत्रही तेव्हाच करता येतं.

अठरा वर्षांखालच्या मुलासाठी कलम ८७ आहे. मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही आणि प्रतिनिधी किंवा सोबतीला पूर्णवेळ जवळ राहावं लागतं. मुलीसोबत बाईच हवी.

पहिले दोन-तीन दिवस

दाखल झाल्यावर एकच हकीगत चार वेळा सांगावी लागते: निवासी डॉक्टरला, मोठ्या डॉक्टरांना, मानसशास्त्रज्ञाला, मग आम्हा समाजसेवा विभागाला. वैतागू नका. प्रत्येक जण वेगळं काही शोधत असतो. रक्त, लघवी, साखर, थायरॉइड, ईसीजी होतात. गरोदर असण्याची शक्यता असेल तर ती तपासणीही, कारण काही औषधं गर्भाला घातक असतात. गरज वाटली तर डोक्याचा सीटी किंवा एमआरआय. पहिल्यांदाच भ्रम झालेल्या माणसात कधी कधी मेंदूतला ताप, थायरॉइड किंवा औषधाचा दुष्परिणाम असं शारीरिक कारण निघतं, म्हणून हे टाळू नका.

पहिल्या रात्री पेशंट बहुधा औषधाने झोपतो. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या आईला तो लडखडत चालताना, जिभेने जड बोलताना दिसतो आणि ती हंबरडा फोडते, "याला काय करून टाकलंत!" सुरुवातीचं शामक औषध उतरलं की यातलं बरंच कमी होतं. पण एक गोष्ट लगेच सिस्टरना सांगायची. मान एकदम वाकडी झाली, डोळे वर चढले, जीभ बाहेर ओढली गेली, तर तो हॅलोपेरिडॉलसारख्या भास-भ्रमावरच्या औषधाचा दुष्परिणाम असतो आणि एका इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतो. तसंच, पेशंट सतत येरझाऱ्या घालतोय, "एका जागी बसवत नाही" म्हणतोय, तर तो आजार वाढल्याचाच प्रकार आहे असं धरून चालू नका. औषधाने येणारी बेचैनी असू शकते. ती फार छळते आणि तिच्यावर उपाय आहे.

आतला दिवस

पहाटे उठवणं, चहा, आंघोळ, नाश्ता, गोळ्या. गोळ्या सिस्टर समोर उभं राहून देतात आणि तोंड उघडून दाखवायला सांगतात. गालात गोळी ठेवून नंतर थुंकणारे पुष्कळ, म्हणून. हे सगळ्यांनाच करायला लावतात, मनाला लावून घेऊ नका. मग डॉक्टरांचा राउंड. दुपारचं जेवण, विश्रांती, संध्याकाळी भेटीची वेळ, लवकर रात्रीचं जेवण, पुन्हा गोळ्या. जिथे व्यवसायोपचार विभाग चांगला आहे तिथे विणकाम, कागदी पाकिटं, बागकाम, चित्रं, गाण्याचा तास असतो. कुणाला कामाला जबरदस्तीने जुंपता येत नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो.

आता दाखल होणाऱ्याशीच बोलते. वॉर्डात तुमच्याहून जास्त आजारी माणसं दिसतील, कुणी ओरडेल, कुणी तुमच्याकडे टक लावून बघेल. पहिले दोन दिवस हे सगळ्यांत अवघड जातं. रात्री भीती वाटली तर ड्यूटीवरच्या सिस्टरला उठून सांगा, तेवढ्यासाठीच त्या जाग्या आहेत. राउंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, त्यामुळे विचारायचं ते कागदावर लिहून ठेवा: माझं निदान काय, कुठलं औषध, त्याने काय त्रास होऊ शकतो, मी कधी जाऊ शकेन. ही माहिती मिळणं तुमचा हक्क आहे, आणि निदान गुप्त ठेवणं त्यांचं कर्तव्य. मरावंसं वाटत असेल तर ते बोलून दाखवा. "सांगितलं तर डिस्चार्ज लांबेल" म्हणून गप्प राहिलात तर तुम्हाला हवी ती मदत मिळणार नाही.

स्वतःचे कपडे घालायचा हक्क तुम्हाला आहे, गणवेशाची सक्ती करता येत नाही. डोकं भादरता येत नाही. भेटायला कोण यावं आणि कोण नको, तेही तुम्ही सांगू शकता. फोन वॉर्डात बहुधा जवळ ठेवू देत नाहीत, पण बोलण्याची सोय मागता येते.

बांधणं आणि शॉक

साखळीने बांधायला कायद्याने पूर्ण बंदी आहे. एकटं कोंडून ठेवायलाही. कापडी पट्ट्यांनी हातपाय बांधणं हे अगदी शेवटचं पाऊल. त्या क्षणी माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार आहे आणि दुसरा कुठलाच उपाय उरलेला नाही, एवढ्याच वेळी मनोविकारतज्ज्ञाच्या आदेशाने, लागेल तेवढाच वेळ. त्याची नोंद करावी लागते आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधणं बेकायदा आहे. आपल्या माणसाच्या मनगटावर वळ दिसले तर शांतपणे नोंदवही मागा. हा प्रश्न विचारणारे नातेवाईक असले की वॉर्डात सगळ्याच पेशंटशी जपून वागलं जातं, हे मी पाहिलंय.

शॉक म्हणजे ईसीटी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी). सिनेमाने त्याची इतकी भीती घातली आहे की ज्यांना त्याने जीवदान मिळालं असतं ते नकार देऊन जातात. तीव्र नैराश्यात, जेवण-पाणी सोडून निश्चल झालेल्या पेशंटमध्ये, आत्महत्येचा धोका टांगलेला असताना हा फार प्रभावी आणि लवकर लागू पडणारा उपचार आहे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. भूलतज्ज्ञ भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. करंट काही सेकंदांचा. झोपेतच मेंदूत छोटी फिट येते, शरीर जेमतेम हलतं. अर्ध्या-एक तासात माणूस जागा होऊन चहा मागतो. साधारण सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. डोकं दुखणं, थोडा वेळ गोंधळणं, त्या दिवसांतल्या आठवणी पुसट होणं हे त्रास होतात, आणि काहींना आठवणींची अडचण जास्त दिवस राहते. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारून घ्या. भुलेशिवाय ईसीटी देणं कायद्याने बंद आहे, आणि अठरा वर्षांखाली पालकांची संमती आणि मंडळाची परवानगी दोन्ही असल्याशिवाय देता येत नाही.

औषधांबद्दल थोडंसं

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. झोप आणि भूक आधी सुधारते, मन नंतर. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर त्याचं रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं. रक्त सकाळी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपास करू नये, मीठ एकदम तोडू नये, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवावं. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी दुकानातून आणून खाऊ नये. ओलान्झापिन या भास-भ्रमावरच्या औषधाने भूक भडकते आणि वजन-साखर वाढते. त्याच प्रकारचं क्लोझापिन सुरू केलं तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. ते चालू असताना ताप आणि घसा दुखणं यांना सर्दी समजून सोडू नका. तरुण मुलीला व्हॅलप्रोएट (हेही मूड स्थिर ठेवणारं, पण गर्भाला घातक ठरू शकणारं औषध) दिलं असेल तर लग्न, गरोदरपण याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

पैसे आणि तक्रार

दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड हातात नसलं तरी, आणि बेघर माणसालाही सरकारी संस्थेत उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आपला आजार योजनेत बसतो का ते विचारा. खाजगी विमा असेल तर कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. कंपनीने "मानसिक आजार वगळला आहे" म्हटलं तर ते लेखी मागा आणि कलम २१ दाखवा. प्रतीक्षा काळ किंवा दवाखान्याच्या नोंदणीचे मुद्दे मात्र खरे असू शकतात, म्हणून दाखल होण्याआधीच फोन करून विचारा.

वॉर्डात काही खटकलं तर आधी प्रमुख डॉक्टर किंवा रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी द्या. पुढे पुनरावलोकन मंडळ. मंडळाचा पत्ता आणि फोन दवाखान्यात दिसेल असा लावावा लागतो, अर्जाचे फॉर्म द्यावे लागतात, फी नाही. मला इथे ठेवू नका, असा अर्ज पेशंट स्वतः करू शकतो. वकील हवा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, १५१००वर विचारा.

भेटायला जाताना

ज्या दिवशी येतो म्हणालात त्या दिवशी जा. आत बसलेल्या माणसाचं सगळं लक्ष भेटीच्या वेळेकडे असतं, आणि तुम्ही चुकलात की "टाकून गेले" हीच भीती पक्की होते. घरचं खायला नेण्याआधी सिस्टरना विचारा. शेतीचं कर्ज, भावकीचं भांडण, बायको माहेरी गेली, हे विषय बरे होईपर्यंत थांबू शकतात. "मला आत्ता घरी ने" म्हणून तो पाय धरेल. तेव्हा खोटा वायदा करू नका. "डॉक्टरांना तुझ्यासमोरच विचारते," म्हणा, आणि खरंच विचारा.

डिस्चार्ज

घरी जायची तयारी पहिल्या आठवड्यातच सुरू करायची. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की पानं उलटून बघा: निदान, प्रत्येक औषधाचं नाव आणि वेळ, पुढची तारीख, कुठल्या लक्षणांना परत यायचं, तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात औषध मिळेल का. ते मिळणार नसेल तर तिथेच सांगा, मिळणारं औषध लिहून घेता येतं. काही ठिकाणी आधी चार दिवसांच्या रजेवर घरी पाठवून बघतात. अवघड काय जातं ते त्या दिवसांत लिहून ठेवा.

घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. अंगात बळ आलेलं असतं, मन अजून सावरलेलं नसतं, आणि घरच्यांना वाटतं, आता बरा झाला. पेशंट यायच्या आधी घर बघून घ्या. गोठ्यातल्या फळीवरची कीटकनाशकाची बाटली, उंदराचं औषध, जुन्या गोळ्यांचा डबा घरातून हलवा किंवा कुलपात घाला आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. गोळ्या आठवड्यापुरत्याच बाहेर काढा. पहिली फेरी सात दिवसांच्या आत करा, तारीख लांबची मिळाली असेल तर अलीकडची मागून घ्या. कामावर एकदम पूर्ण वेळ पाठवू नका, आणि रिकामंही बसवू नका. पाणी भरणं, दुकानातून भाजी आणणं, मुलाला शाळेत सोडणं यापासून सुरुवात चांगली.

नातेवाइकांना काय सांगायचं, ते पेशंटला विचारून ठरवा. "बरं नव्हतं, दवाखान्यात होता, आता औषध चालू आहे," एवढं पुरतं. हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी सारखंच बोलावं, म्हणजे आजीला एक आणि वहिनीला दुसरं असं होत नाही. सांभाळणाऱ्यालाही कुणीतरी लागतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन नातेवाइकांचे स्वमदत गट चालवते, आणि बऱ्याच मनोविकार विभागांत असे गट असतात. एकदा जाऊन बसा.

शेवटचं काम पेशंट सोबत असताना करायचं. एका कागदावर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या की आजार परत येताना त्याला सर्वांत आधी काय जाणवतं. कुणाला दोन रात्री झोप येत नाही, कुणी आंघोळ टाळतो, कुणाला टीव्हीवरचे लोक आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं, कुणी मध्यरात्री जुन्या मित्रांना फोन लावत सुटतो. त्याखाली, त्या वेळी कुणी काय करावं अशी त्याची इच्छा आहे ते लिहा: कुणाला फोन करायचा, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, कुणी सोबत यावं, कुणी नको. खाली त्याची सही घ्या, डॉक्टरांच्या ओपीडीची वेळ लिहा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाका. तिथे दिवसरात्र मराठीतून मोफत बोलता येतं. एक प्रत घरात, एक प्रतिनिधीकडे, आणि एक केसपेपरला जोडायला पुढच्या फेरीत सोबत घेऊन जा.